उलट्या ब्रशचा सिद्धांत : खंडन आणि मंडन

दाढी झाली की ब्रश धुवावा आणि स्टँडला उलटा टांगावा, केस खाली आणि मूठ वर. हा नियम आज इतका सर्वमान्य झाला आहे, की त्याचे कारण विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. सेट घेतला तर टांगण्याचा स्टँड ब्रशच्या जोडीनेच मिळतो. ज्याच्या घरी स्टँड नाही तो ब्रश लवकर झडला की दोष स्टँड नसण्याला देतो. माझे म्हणणे असे, की हा नियम ज्या कारणावर उभा आहे ते कारणच टिकत नाही. ब्रश उलटा ठेवला की सुलटा, याने त्याच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी : केसांत साबण किती उरला, मोकळे पाणी किती उरले आणि भोवती हवा किती खेळती आहे. टांगण्याच्या भरवशावर या तिन्हींकडे दुर्लक्ष होते, म्हणून हा समज निरुपद्रवी नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) सारख्या गावात विहिरी-बोअरचे पाणी जड, मे महिना भट्टीसारखा आणि श्रावण ओलाचिंब. इथे या समजाची किंमत जरा जास्तच मोजावी लागते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नाही. टांगणारे चार गोष्टी सांगतात. एक, पाणी खाली उतरते. ब्रश उभा ठेवला तर ते मुळाशी साचते आणि केस कुजतात. दोन, मुळाशी साचलेल्या पाण्याने चिकटवलेला जोड सुटतो आणि केस झडतात. तीन, लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि तडकते. चार, जे लोक ब्रश टांगतात त्यांचे ब्रश वर्षानुवर्षे टिकलेले दिसतात, हा प्रत्यक्ष अनुभव आहे. यातला प्रत्येक मुद्दा वेगळा तपासू.

पहिला मुद्दा गुरुत्वाकर्षणाचा. पाणी खाली उतरते हे खरे, पण बारीक फटीतले पाणी उतरतेच असे नाही. निरांजनातली वात तेल खालून वर ओढते, ती ज्या केशाकर्षणाने, तेच केशाकर्षण ब्रशच्या केसांमध्ये पाणी धरून ठेवते. फट जितकी अरुंद तितकी ही धरून ठेवण्याची शक्ती जास्त. हिशेब शाळेच्या पुस्तकातल्या सूत्राने होतो. फटीची त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर स्वच्छ पाण्याचा सुमारे दीड सेंटीमीटर उंचीचा स्तंभ तिच्यात लटकून राहतो. त्रिज्या 0.1 मिलिमीटर असेल तर तोच स्तंभ सुमारे 15 सेंटीमीटर होतो. दाट ब्रशमध्ये मुळाशी दोन केसांमधली फट साधारण केसाच्या जाडीच्याच मापाची असते, म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. आणि ब्रशच्या केसांची लांबी किती? पाच-साडेपाच सेंटीमीटर. जी फट 15 सेंटीमीटर पाणी तोलून धरू शकते, तिच्यातले पाच सेंटीमीटर पाणी नुसते टांगल्याने खाली पडावे कसे? साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्यावर येतो असे धरले, तरी सात सेंटीमीटर उरतातच. पाच सेंटीमीटरच्या ब्रशला तेवढे पुरेसे आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट झुपक्याच्या आकारात आहे. ब्रशचे केस मुळाशी घट्ट आवळलेले आणि टोकाशी पसरलेले असतात. म्हणजे रुंद फटी टोकाशी आणि अरुंद फटी मुळाशी. केशाकर्षण पाण्याला नेहमी रुंद फटीकडून अरुंद फटीकडे खेचते. ब्रश उलटा टांगला तरी ही ओढ मुळाकडेच राहते, फक्त आता मूळ वर असते एवढेच. टांगलेल्या ब्रशच्या टोकाला थेंब जमतो आणि टपकतो, तो पाहून माणसाची खात्री पटते की ब्रश रिकामा होतो आहे. पण तो थेंब टोकाच्या रुंद फटींतला, धरून न ठेवता आलेला जादा भाग असतो. ज्या मुळाच्या काळजीने टांगण्याचा सगळा खटाटोप केला, तिथले पाणी जागचे हलत नाही. ते जाण्याचे मुख्य मार्ग दोनच : झटकणे आणि वाळणे.

झटकण्याचे बळ टांगण्यापेक्षा किती मोठे, हेही पाहण्यासारखे आहे. हात लांबवून मनगटाला झटका दिला की ब्रशच्या टोकाला गुरुत्वाच्या पाच-सात पट प्रवेग सहज मिळतो. एवढ्या बळापुढे 15 सेंटीमीटर धरणारी फट दोन-तीन सेंटीमीटरच धरू शकते. बाकीचे पाणी उडून जाते. पाच झटके जे काम करतात ते रात्रभर टांगूनही होत नाही. म्हणून ज्याने ब्रश न झटकता स्टँडला अडकवला, त्याने सोपे काम टाळून निरुपयोगी काम केले असे म्हणावे लागते.

दुसरा मुद्दा जोडाचा. हा मुद्दा एके काळी खरा होता आणि आजही त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. जुन्या काळी ब्रशचे केस राळ, लाख अशा पदार्थांनी बसवत. लाख उष्णतेने मऊ पडते आणि पाण्याने पांढरट होऊन कमकुवत होते. आपल्या विदर्भातल्या पळसावरच्या लाखेचा हा स्वभाव जुन्या कारागिरांना ठाऊक होता. पुढे केस व्हल्कनाइज्ड रबरात बसवण्याची पद्धत आली आणि अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या रबरसेट कंपनीचे नाव त्याच पद्धतीवरून पडले. आज बहुतेक ब्रशचा झुपका इपॉक्सी रेझिनमध्ये बसवतात. घट्ट झालेले इपॉक्सी पाण्यात विरघळत नाही. शिवाय दाढी करताना कोमट पाणी आणि फेस आपण स्वतःच मिनिटभर मुळापर्यंत दाबून घालतो. ते सोसणारा जोड नंतरच्या थोड्या ओलाव्याने सुटेल, तर तो मुळात कच्चाच होता. जोडाला खरा धोका असतो उकळत्या पाण्याचा आणि मूठ बुडेल इतका वेळ मगात ब्रश भिजत ठेवण्याचा. हे दोन्ही टाळावे. टांगण्याशी त्यांचा संबंध नाही.

केस झडतात म्हणजे नेमके काय होते, हे झडलेला केस हातात घेऊन पाहावे. तो ब्रशच्या केसांइतकाच लांब असेल, त्याला मुळाशी चिकटपदार्थाचा कण असेल, तर जोड सुटला. तो आखूड असेल, तर तो मधेच तुटला आहे. आखूड केस गळत असतील तर त्याचे मूळ शोधायचे ते साबणात.

इथे कारंज्याच्या पाण्याकडे यावे लागते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. या बेसाल्टमधून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरेच असते, म्हणूनच डाळ लवकर शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. अशा पाण्यात साबण घातला की त्यातली स्निग्धाम्ले कॅल्शियमशी जोडली जातात आणि न विरघळणारा पांढरा चिकट साका तयार होतो. तो ब्रशच्या मुळाशी, जिथे फटी सर्वांत अरुंद, तिथेच अडकतो. केस एकमेकांना चिकटतात. मुळाशी वाकण्याची मुभा जाते आणि चेहऱ्यावर ब्रश फिरवताना सगळा ताण साक्याच्या वरच्या एकाच रेषेवर येतो. केस तिथे तुटतो. शिवाय साबण अल्कधर्मी असतो आणि केसाचे केराटिन अल्कलीत अधिक फुगते, अधिक दुबळे होते. साका ओल धरून ठेवतो ती वेगळीच. टांगलेल्या ब्रशातही हा साका जागचा हलत नाही. स्टँडवर सुंदर दिसणारा ब्रश मुळाशी पांढरा पडलेला असतो, आणि मालक मात्र आपण सगळे नियम पाळले अशा समाधानात असतो.

तिसरा मुद्दा मुठीचा. इथे पूर्वपक्षाला काही देणे लागते. लाकडी मूठ ओल्या बेसिनवर किंवा मोरीच्या कट्ट्यावर उभी ठेवली तर तिचे बूड रोज भिजते, वाळते, फुगते, आकसते आणि अखेर तडकते. हे खरे आहे. पण दोष ओल्या बैठकीचा आहे. मूठ पुसून कोरड्या खिडकीत ठेवली तर दोष उरत नाही. उलट बाजूने पाहिले तर स्टँड बहुतेक घरांत न्हाणीघरातच असतो. तिथे बादलीच्या वाफेत आणि शिंतोड्यांत टांगलेला ब्रश, खोलीतल्या खिडकीत उभ्या ठेवलेल्या ब्रशपेक्षा उशिरा वाळतो. जागा आणि दिशा यांत निवड करायची झाली तर जागा निवडावी.

चौथा मुद्दा अनुभवाचा, आणि तो सर्वांत बळकट वाटतो. टांगणाऱ्यांचे ब्रश टिकतात हे मीही नाकारत नाही. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. नव्यन्यायाच्या ग्रंथांत अन्यथासिद्धाची, म्हणजे हजर असूनही कारण नसलेल्या गोष्टीची, चर्चा करताना कुंभाराच्या गाढवाचा दाखला देतात. घट घडण्यापूर्वी माती वाहणारे गाढव हजर असते, तरी ते घटाचे कारण मानत नाहीत. माती, चाक, दंड आणि कुंभार एवढ्याने घट होतो, माती कोणीही आणली तरी चालते. टांगणे हे असेच अन्यथासिद्ध आहे. ज्याला ब्रशची इतकी काळजी आहे की त्याने स्टँड घेतला, तो ब्रश धुतोही नीट, झटकतोही नीट आणि उघड्यावरही ठेवतो. टिकण्याचे श्रेय या सवयींचे आहे. याच सवयी ठेवून ब्रश उभा ठेवणाऱ्याचा ब्रशही तितकाच टिकतो. आणि साबण तसाच ठेवून टांगणाऱ्याचा झडतो.

आता एक उपमत. काहींचे म्हणणे असे, की टांगून पूर्ण वाळलेला ब्रश निर्जंतुक होतो. याचे उत्तर इतिहासाने फार महागात दिले आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत चीन आणि सायबेरियातून येणारे घोड्याचे केस निर्जंतुक करून ब्रशसाठी वापरले जात. त्यातला बराच माल जर्मनीतून जाई. युद्धाने तो मार्ग बंद केला आणि नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले. काही तर बॅजर या प्राण्याच्या केसांचे म्हणून विकले गेले. त्यांतून अमेरिका आणि ब्रिटनच्या सैनिकांत आणि नागरिकांत अँथ्रॅक्स पसरला. आपल्याकडचे पशुपालक ज्याला फाशी आणि काळपुळी म्हणतात, तोच हा रोग. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, अनेकांचा जीव गेला आणि 1920 मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. ते ब्रश कोरडे होते, नवे होते आणि बहुतेक वेळा पहिल्याच काही दाढ्यांत घात करून गेले. अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्या केसांत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. आजच्या ब्रशला ती भीती नाही, कारण केस आधीच निर्जंतुक करतात आणि बहुतेक स्वस्त ब्रश कृत्रिम तंतूंचे असतात. पण धडा कायम आहे : वाळवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. वाळल्याने ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. दाढीच्या जागी नायटा करणाऱ्या बुरशीचे बीजाणू मात्र कोरड्यातही तग धरतात. घरच्या, एकाच माणसाच्या ब्रशला वाळवणे पुरते. अनेकांच्या चेहऱ्यावर फिरणाऱ्या ब्रशला पुरत नाही.

म्हणून सलूनचा प्रश्न वेगळा काढावा लागतो. गावोगावचे नाभिक बंधू धोकटी घेऊन घरोघर फिरत होते, तेव्हा वाटीतल्या पाण्याने आणि हाताच्या बोटांनीच दाढी भिजवत. ब्रश आला तो साबणाबरोबर. आज सलूनमध्ये सकाळी भिजलेला ब्रश रात्री दुकान बंद होईपर्यंत वाळायला सवडच मिळत नाही. त्याला टांगण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. गिऱ्हाईक एड्स आणि काविळीच्या भीतीने वस्तऱ्यात नवे ब्लेड मागायला शिकले, ही मोठी सुधारणा झाली. ब्रशबद्दल मात्र कोणी विचारत नाही. तिथे उपाय सोपा आहे. कृत्रिम तंतूंचे तीन-चार ब्रश ठेवावेत, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर वापरलेला ब्रश धुऊन जंतुनाशकात ठेवावा, वापरण्यापूर्वी पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळावा. नाहीतर ट्यूबमधली क्रीम हातानेच लावावी. यात गिऱ्हाइकाचे आणि कारागिराचे, दोघांचेही हित आहे.

खंडन झाले, आता मंडन. घरी ब्रश कसा ठेवावा?

दाढी संपताच ब्रश वाहत्या किंवा भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत धुवावा. पहिल्या पाण्यात फेस निघतो, मुळाशी दडलेला साबण मात्र तिसऱ्या-चौथ्या पाण्यात निघतो, म्हणून धुताना मुळाशी बोटांनी हलके दाबावे. केस पिळू नयेत, पीळ दिल्याने मुळाशी ताण येतो. मुठीकडून टोकाकडे दाबत पाणी काढावे. मग चार-पाच जोरदार झटके. मग कोरड्या पंचावर दोन-तीनदा हलके फिरवावा, मूठही पुसावी. एवढे झाल्यावर ब्रश उभा ठेवा, आडवा ठेवा, हवा तर टांगा. फक्त न्हाणीघराबाहेर, जिथे हवा येते-जाते तिथे. भिंतीतली देवळी दिसायला सोयीची, पण ती तीन बाजूंनी बंद असते. खिडकीची चौकट बरी. झाकणाच्या नळीत किंवा डब्यात ओला ब्रश घालणे हा मात्र खरा अपराध, कारण तिथे वाळण्याचा मार्गच बंद होतो.

जड पाण्याच्या गावाला आणखी एक काम. पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्याच्या वाटीत अर्धे लिंबू पिळून ब्रशचे केस त्यात थोडा वेळ बुडवावेत, मूठ बाहेर ठेवून. लिंबातले आम्ल साका फोडते आणि कॅल्शियम धरून नेते. नंतर थोड्या शाम्पूने धुवून भरपूर पाण्याने काढावे. पांढरे पडलेले मूळ दोन-तीन वेळांत मोकळे होते. कितीही किमती स्टँड घेतला तरी हे काम तो करू शकत नाही.

ऋतूप्रमाणे रीत बदलावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. झटकलेला ब्रश सावलीत काही तासांत वाळतो. त्याला उन्हात ठेवण्याची गरज नाही. ऊन लागले की जंतू मरतात म्हणून ब्रश गच्चीवर ठेवणारे विसरतात, की सूर्यकिरण झुपक्याच्या आत पोचत नाहीत. बाहेरचे केस मात्र राठ आणि ठिसूळ होतात. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते हेही लक्षात ठेवावे. उन्हाळ्यात ब्रश कूलरच्या झोतात ठेवू नये. श्रावणात गोष्ट उलटी. सकाळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते आणि प्राण्याचा केस हवेतलीच ओल पिऊन बसतो. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी घेतो आणि जाडीत सुमारे 15 टक्के फुगतो. दमट हवेत तो कोरडा म्हटला तरी त्यात बरीच ओल असते. तेव्हा पंख्याखाली ठेवावा, आणि शक्य तर दोन ब्रश आळीपाळीने वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण एक दिवस मिळतो. पॉलिएस्टरसारखा कृत्रिम तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही आणि कुजतही नाही. त्याला पावसाळ्याचा त्रास सर्वांत कमी.

महिनोन्महिने ठेवून द्यायचा झाला तर नियम पुन्हा वेगळा. प्राण्याच्या केसांचा ब्रश आधी लिंबू-शाम्पूने स्वच्छ करावा, दोन-तीन दिवस पूर्ण वाळवावा आणि मगच डब्यात बंद करावा. लोकर खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या केराटिनवरच जगतात आणि मळलेला केस त्यांना विशेष आवडतो. स्वच्छता हाच पहिला बंदोबस्त. रोजचा ब्रश उघडा आणि साठवणीचा बंद, हा भेद पाळला की पुरे.

टांगणे पाप नाही. घरात कोरडी खिडकी नसेल, जागा अपुरी असेल, तर स्टँड सोयीचा आहे आणि तो जरूर वापरावा. पण सोय म्हणून, उपाय म्हणून नव्हे. ज्याच्याजवळ एकाच गोष्टीचे पैसे आहेत त्याने स्टँडऐवजी दुसरा ब्रश घ्यावा. ब्रशला विश्रांती मिळते ती दुसऱ्या ब्रशमुळेच.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद शब्दांनी संपणार नाही, काट्याने संपेल. ग्रॅममध्ये अचूक मोजणारा छोटा काटा घ्या. कोरड्या ब्रशचे वजन लिहून ठेवा. एक दिवस ब्रश धुऊन न झटकता टांगा, दुसऱ्या दिवशी न झटकता उभा ठेवा, तिसऱ्या दिवशी झटकून, पुसून उभा ठेवा. तिन्ही दिवस जागा तीच, वेळ तीच. दर तासाला वजन घ्या. माझे म्हणणे असे, की पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांत फरक क्षुल्लक निघेल आणि तिसऱ्या दिवशीचा ब्रश त्या दोघांच्या खूप पुढे असेल. तसे न निघाले तर माझा सिद्धांत पडला असे खुशाल समजा. तसेच निघाले, तर ब्रश घेणाऱ्याला यापुढे आधी धुण्याची आणि झटकण्याची रीत सांगा. स्टँडचा विषय त्याने विचारला तरच काढा.